हशा पडतोय ना, मग झालं तर : एका विनोदी नटाचं प्रकरण

या नटाला इथे तात्या म्हणतो. खरं नाव, नाटकाचं नाव, संस्था आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्या नाटकाचा सूत्रधार होतो. नांदी म्हणणारा नव्हे. तारखा, बस, बुकिंग, लॉजच्या खोल्या आणि प्रयोगानंतर नाईटची, म्हणजे कलाकारांच्या त्या प्रयोगाच्या मानधनाची, पाकिटं बघणारा. त्यामुळे पुढच्या चुकांमध्ये माझाही वाटा आहे, आणि एका ठिकाणी तो सगळ्यात मोठा आहे.

पार्श्वभूमी

तात्या लालबागच्या चाळीतले. वडील गिरणीत. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा तात्या एका कचेरीत कारकून होते, आणि पुढे घरात तेवढाच पगार उरला. कचेरीच्या नाट्यपथकातून राज्य नाट्य स्पर्धा, तिथून व्यावसायिक नाटकात बदली कलाकार, असा त्यांचा रस्ता. त्या पिढीत हा रस्ता मळलेलाच होता. दादा कोंडके, अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे हे सगळे रंगमंचावरून पडद्यावर गेलेले. 1980 च्या दशकात मराठी पडद्यावर विनोदाची लाट आली, आणि लाटेला जसे दोन-चार नायक लागतात तसे नायकाचे मित्र, भित्रे हवालदार आणि बहिरे मामाही लागतात. (बहिऱ्या मामाचं काम तात्यांनी तीनदा केलं. त्यावर ते स्वतःच पुढे पुष्कळ हसले.) सरकारकडून करमणूक कराचा परतावा हवा तर निर्मात्याला पुढचा चित्रपट काढावा लागे, म्हणून चित्रपट लागोपाठ निघत. कोल्हापूर, पन्हाळा, गोरेगावची चित्रनगरी. तात्यांनी 1985 ते 1996 या काळात चाळीसेक चित्रपट केले आणि नोकरी सोडली.

या काळातली एक गोष्ट प्रकरणाच्या दृष्टीने महत्त्वाची. तेव्हा बहुतेक मराठी चित्रपट कॅमेऱ्याच्या खडखडाटात चित्रित होत आणि आवाज मागाहून डबिंगला भरला जाई. सेटवर क्यू, म्हणजे ज्यावर आपण बोलायचं ते समोरच्याचं वाक्य किंवा खूण, चुकला तर रिटेक. समोर प्रेक्षक नाही, हशा नाही. हशासाठी किती जागा सोडायची ते दिग्दर्शक आणि संकलक बघणार. नाटकात हे सगळं नटाच्या कानावर चालतं. वाक्य टाकायचं, हशा चढू द्यायचा, तो उतरायला लागला की पुढचं वाक्य. लवकर बोललात तर वाक्य हशात बुडतं, उशीर झाला तर प्रयोग बसतो. तात्यांना दोन्ही यायचं, पण वीस वर्षं त्यांनी मुख्यतः पडद्याचंच काम केलं होतं.

1999 नंतर खासगी मराठी वाहिन्या आल्या, नायकाच्या मित्राची कामं आटली, तात्या मालिकांमध्ये आजोबा झाले. 2016 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, ते आमच्या नाटकातून रंगमंचावर परत आले. कौटुंबिक फार्स. राहत्या फ्लॅटचा सौदा करून तो सुनेपासून लपवणारा सासरा. जाहिरातीत त्यांचा चेहरा सगळ्यात मोठा, आणि कॉन्ट्रॅक्ट शो, म्हणजे अख्खा प्रयोग ठरावीक रकमेला, घेणारे फोनवर पहिला प्रश्न विचारायचे, ‘तात्या आहेत ना?’

अडचण

माझ्याकडे प्रयोगवही असते. पडदा किती वाजता उघडला, मध्यंतर कधी, काय बिघडलं. सुरुवातीला पहिला अंक 58 मिनिटांचा होता. सत्तराव्या प्रयोगाच्या सुमाराला तो 66 वर गेला. आठ मिनिटं म्हणजे किरकोळ नव्हे. दुपारच्या सत्रानंतर रात्रीच्या नाटकाचा टेम्पो दारात उभा असतो आणि त्यांचे बॅकस्टेजवाले विंगेत येऊन घड्याळ दाखवतात.

ती आठ मिनिटं जात कुठे होती? एक जागा सांगतो. पहिल्या अंकात सून स्वयंपाकघराच्या दारातून, प्रेक्षकांकडे अर्धी पाठ करून विचारते, “बाबा, चावी कुठाय?” सासऱ्याने ताबडतोब म्हणायचं, “चावी? मी कुलूपच लावत नाही, माणसांवर विश्वास आहे माझा!” ताबडतोब, कारण तो घाबरलेला आहे. एका प्रयोगात तात्या काहीच बोलले नाहीत. चष्मा नीट केला. समोरचा पेपर उचलला आणि उलटा धरला. हशा. सुनेने प्रश्न पुन्हा, जोरात विचारला. आणखी हशा. मग तात्यांचं वाक्य आलं आणि टाळ्या पडल्या.

मध्यंतरात दिग्दर्शक म्हणाले, “तात्या, काय सुंदर ॲडिशन! ठेवू या हे.” तात्या हसले. पुढच्या प्रयोगापासून उलटा पेपर संहितेत गेला आणि पुढे नाटकाच्या जाहिरातीतही गेला.

अशा जागा वाढत गेल्या. क्यू गेला की तात्या खिसे चाचपायचे, चप्पल शोधायचे, देवाच्या फोटोला नमस्कार करायचे. प्रत्येक वेळी हशा पडायचा. प्रेक्षागृहातून बघणाऱ्याला तात्या फॉर्मात दिसायचे आणि विंगेतून बघणाऱ्याच्या पोटात गोळा यायचा. दुसरीकडे सुनेचं काम करणारी अभिनेत्री वैतागली होती. “माझा लाफ्टर खातात. मी बोलते, लोक हसतायत, आणि हे मध्येच सुरू!” तिची तक्रार आम्ही जुन्या आणि नव्या नटांचं नेहमीचं भांडण म्हणून सोडून दिली. नव्वदाव्या प्रयोगापर्यंत कंपनीत एक शब्द रुळला होता : तात्या विसरतात.

कुणी पहिल्यांदा म्हटलं ते आठवत नाही. पण एकदा शब्द सापडला की माणूस पुढचं शोधत नाही. मीही वहीत ‘क्यू गेला’ लिहायचं सोडून ‘विसरले’ लिहायला लागलो. निरीक्षणाच्या जागी निदान आलं, आणि ते माझ्या हस्ताक्षरात आहे.

समोर असलेले पर्याय

निर्मात्यांच्या ऑफिसात बैठक झाली. निर्माते, दिग्दर्शक, मी. तात्यांना बोलावलं नव्हतं. ‘त्यांना वाईट वाटेल’ हे कारण, आणि ते खोटं नव्हतं. शिवाय तोंडावर बोलायची आमची हिंमत नव्हती, हेही खरं.

पहिला पर्याय रिप्लेसमेंट. पण तात्यांच्या नावावर पुढच्या दोन महिन्यांचे कॉन्ट्रॅक्ट शो विकलेले होते. दुसरा, संहिता छाटायची आणि सासऱ्याची वाक्यं मुलाच्या तोंडी घालायची. दिग्दर्शकांनी नकार दिला, ‘मग तात्या कशाला, खुर्ची ठेवा.’ तिसरा, दोन महिने नाटक थांबवायचं. परीक्षांचा हंगाम जवळ होता, तसंही बुकिंग बेताचंच असतं. आज मागे वळून बघताना हाच बरा होता असं वाटतं, पण बाकीच्या कलाकारांच्या नाईटचा प्रश्न होता. चौथा, विंगेत प्रॉम्प्टर, म्हणजे नट अडला की वाक्य कुजबुजून सांगणारा. स्वस्त, जुना, सगळ्यांना माहीत असलेला उपाय.

निर्माते हळूच म्हणाले, “डोक्याच्या डॉक्टरला दाखवायचं का?” तिघंही गप्प बसलो. कान हा शब्द त्या दीड तासात एकदाही आला नाही.

काय केलं

प्रॉम्प्टर नेमला. चुणचुणीत मुलगा, संहिता पाठ. पहिल्या तीन प्रयोगांत चुका वाढल्या.

त्याचं कारण आता सांगता येतं. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसता श्वास घासत बाहेर येतो, त्यामुळे कुजबुजीत जवळजवळ सगळा उंच पट्टीचा आवाज असतो. वयानुसार कान जातो तेव्हा आधी हीच पट्टी जाते. म्हणजे ज्या माणसाला दारातला क्यू येत नव्हता त्याला आम्ही विंगेतून त्याहून अवघड आवाज देत होतो. तात्यांना ‘आतून कुणीतरी काहीतरी म्हणतंय’ एवढंच कळायचं, आणि ते ऐकायच्या नादात समोरचा क्यूही जायचा. पोरगा आवाज वाढवत गेला.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दौऱ्यावर तो आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला. कुणीतरी ओरडलं, “ओ तात्या, आतून सांगत्यात बघा!” थिएटर खदखदलं. तात्या विंगेकडे वळले, कपाळाला हात लावला आणि म्हणाले, “बायको गेली, पण आतून सांगायची सवय गेली नाही तिची!” टाळ्या, शिट्ट्या. संहितेत सासरा विधुर होता, त्यामुळे वाक्य चपखल बसलं. बुकिंगवाल्यांनी मला मध्यंतरात मिठी मारली.

प्रयोग संपल्यावर पाकीट द्यायला मेकअप रूममध्ये गेलो. बाकीचे बसमध्ये चढत होते. तात्या आरशासमोर बसले होते, खोबरेल तेलाचा बोळा हातात, मिशी तशीच. पाकीट घेतलं, न मोजता खिशात टाकलं आणि म्हणाले, “त्या पोराला उद्यापासून आणू नका.” त्यांनीच सुरू केलेलं हे एकमेव बोलणं. मी तेव्हा विचारायला हवं होतं. मी म्हटलं, “बस थांबलीय, तात्या.” माझा सगळ्यात मोठा वाटा तो हा.

मुंबईत आल्यावर गुपचूप रिप्लेसमेंटच्या तालमी सुरू झाल्या. नवा नट गुणी होता, त्याला सांगितलं होतं की तात्यांना कल्पना आहे. तात्यांना ते कळलं ड्रेपरीवाल्याकडून, म्हणजे कपडेपट बघणाऱ्याकडून. त्याने भाबडेपणाने विचारलं, “तात्या, दुसऱ्या कोटाची बाही दोन इंच मोठी कुणासाठी?” संध्याकाळी मला फोन आला. ते रागावले नाहीत. “मला सांगायचं होतंस रे,” एवढंच. मग म्हणाले, “उद्या डबिंग आहे. सोबत येतोस का? गाडी नाही माझी.”

त्या डबिंगला गेलो म्हणून हे प्रकरण लिहिण्यासारखं झालं. मालिकेतले आजोबा, सहा पानं. तात्यांनी हेडफोन लावले आणि एकाही ठिकाणी न अडखळता सहा पानं संपवली. ओठांवर आवाज असा बसला की रेकॉर्डिस्ट नुसता मान डोलवत होता. विसरणारा माणूस? मी चक्रावलो. शेवटी रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून म्हणाला, “तात्या, हेडफोन जरा कमी करा. तुमचा क्यू माझ्या माइकमध्ये येतोय.” मी बटण बघितलं. शेवटपर्यंत पिळलेलं होतं.

त्या रात्री घरी वही काढली. तीस प्रयोगांतल्या ‘विसरले’च्या जागा एका कागदावर उतरवल्या. निम्म्याहून जास्त सुनेच्या वाक्यांवर, उरलेल्यांत बहुतेक नातवाचं काम करणाऱ्या मुलाच्या. खर्जातल्या आवाजाच्या व्याह्याबरोबरच्या प्रवेशांत एकही नाही, आणि तिथे तर तात्यांची वाक्यं सगळ्यात लांब होती. एका जुन्या थिएटरात, जिथे एसी घरघरतो, चुका दुप्पट. सगळं माझ्याच वहीत होतं.

कानाची तपासणी झाली. ऑडिओग्रामची रेघ खालच्या पट्टीत जवळपास ठीक, 2000 हर्ट्झच्या पुढे जिना उतरावा तशी खाली. दोन्ही कान. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी समजावलं की स्वर ऐकू येतात, पण स, श, च, फ यांसारखी व्यंजनं गळतात. म्हणून ‘कुणीतरी बोललं’ हे कळतं, ‘काय बोललं’ ते कळत नाही. तात्यांनी विचारलं, “आणि हशा?” बाईंना प्रश्न कळला नाही. तात्या म्हणाले, “हशा सुरू झालेला कळतो. संपत आलेला कळत नाही. शेपूट दिसत नाही त्याचं.” सुनेचा लाफ्टर खाल्ला जात होता तो असा.

यंत्रं लावल्यावर

कानाला यंत्रं लावली आणि नीट झालं, असं सांगायला आवडलं असतं. पहिले काही आठवडे वाईट गेले. कानामागचं यंत्र टोपाखाली दडायचं, पण टोप घासला की शिट्टी वाजायची. घामाने एकदा बंद पडलं. आणि नवीनच तक्रार आली : “आज पब्लिक थंड होतं रे.” पब्लिक थंड नव्हतं, मी मागे उभा होतो. यंत्र मोठ्या गोंगाटाला दाबतं आणि बोलणं पुढे आणतं, ते त्याचं कामच आहे. शेकडो माणसांचं एकदम हसणं त्याच्या हिशेबी गोंगाट. ज्या नटाने आयुष्यभर हशावर पाय ठेवून पुढचं पाऊल टाकलं, त्याच्या पायाखालची पायरीच यंत्राने काढून घेतली. ऑडिओलॉजिस्ट बाई एका प्रयोगाला येऊन बसल्या, मग त्यांनी प्रयोगासाठी वेगळा प्रोग्राम बसवून दिला, संगीत ऐकण्यासाठी असतो तसा, दाबादाबी कमी.

दुसरा अर्धा उपाय दिग्दर्शकांचा, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायला हवं. सुनेचे सगळे क्यू त्यांनी दिसतील असे बसवले. चावीचा प्रश्न ती आता दारात नाही, टेबलाशी येऊन, पाण्याचं भांडं ठेवत विचारते. भांडं ठेवलं की तात्यांचं वाक्य. त्या तालमीत अभिनेत्रीने तात्यांना विचारलं, “काका, मला का नाही सांगितलंत?” तात्या म्हणाले, “तुला वाटलं असतं म्हातारा बहाणे करतोय.” ती म्हणाली, “हो, वाटलं असतं.” त्यानंतर दोघांचं बरं जमलं.

निकाल

नव्या नटाने बावीस प्रयोग केले, कारण त्याला शब्द दिला होता. त्याचं काम चांगलं होतं, बुकिंग पडलं, आणि दोष त्याच्या माथी आला. त्याच्यावर अन्याय झाला आणि तो भरून निघाला नाही. तात्या परत आले आणि त्यांनी आणखी अडतीस प्रयोग केले. पहिला अंक 60 मिनिटांवर स्थिरावला. मार्च 2020 मध्ये नाट्यगृहं बंद झाली तेव्हा नाटकही थांबलं. पुन्हा पडदे उघडले तेव्हा निर्माते दुसऱ्या नाटकात होते. तात्या आता डबिंग करतात, हेडफोन अर्ध्यावर.

काय वेगळं करता आलं असतं

उलटा पेपर. माझ्या मते प्रकरण तिथेच सुटायला हवं होतं. नटाने न बसवलेली गोष्ट केली तर ‘छान आहे, ठेवू’ म्हणण्याआधी ‘ही आली कुठून?’ एवढं विचारायला हवं. पण विनोदी नाटकात हशा पडला की प्रश्न संपतात. गंभीर नाटकात तोच नट पाच सेकंद गप्प राहिला असता तर दुसऱ्याच दिवशी दिग्दर्शकाने त्याला बाजूला घेतलं असतं. विनोदी नटाची अडचण त्याच्या कौशल्याआड लपते, आणि जितका नट कसलेला तितकी ती जास्त दिवस लपते.

बैठकीला तात्या हवे होते. त्यांना काही काळ तरी माहीत होतं. काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, नंतर सांगितलं, “अहो, आमचा टीव्ही खालच्या मजल्यावर ऐकू येतो. वर्षभर भांडतोय आम्ही.” म्हणजे घरी एक फोन केला असता तरी पुरलं असतं. अर्थात तात्यांनीही लपवलं. त्यांचं म्हणणं असं की विसरतो म्हटलं तर लोक ‘वय झालं’ म्हणून सांभाळून घेतात, पण बहिरा म्हटलं की हसतात, आणि बहिऱ्या मामाला लोक किती हसतात ते त्यांनी तीन चित्रपटांत मोजलं होतं.

मी स्वतः वही लिहिण्याची पद्धत बदलली. आता चुकांचा रकाना मोठा आहे : कुठल्या वाक्यावर, समोर कोण, कुठे उभं, कुठलं थिएटर. कारणाचा रकाना नाही. साठीच्या पुढच्या कलाकाराबरोबर करार करताना डोळे आणि कान तपासून घ्यायचं निर्मात्यांना सुचवतो. ते हो म्हणतात आणि बहुतेक वेळा विसरतात.

दिग्दर्शक मात्र अजून माझ्याशी पूर्ण सहमत नाहीत. शेवटच्या अडतीस प्रयोगांत तात्या दोनदा अडखळले, दोन्ही वेळा दुसऱ्या अंकातल्या फोनच्या प्रवेशात. तिथे सासरा एकटाच बोलतो, कुणाचा क्यू नाही, ऐकायचं काही नाही. दोन्ही वेळा तोच परिच्छेद गळला. “बघ,” दिग्दर्शक म्हणाले, “थोडं विसरणंही होतंच.” मी तात्यांना विचारलं. तात्या म्हणाले, “छे रे. तो परिच्छेद मला पहिल्या वाचनापासून आवडला नव्हता.”